निशाणाची काठी आणि अकरा दिवे

जेवणघरात गोल टेबलं अकरा, प्रत्येकावर मधोमध टांगलेला एक याप्रमाणे दिवे अकरा, खुर्च्या चव्वेचाळीस, आणि संचालिका ओस्टेनफेल्डबाईंच्या हातातल्या कागदावर तक्रारी एकोणीस. रिग्मोरने सगळं दोनदा मोजलं. एकोणीस तक्रारींत मजकूर मात्र एकच होता: दिवा डोळ्यांत घुसतो.

"असं होऊच शकत नाही," ती म्हणाली.

"कोपनहेगनची माणसं नेहमी असंच म्हणतात," ओस्टेनफेल्डबाई म्हणाल्या. "तीन वाजता समितीचे अध्यक्ष येताहेत, पेट्रेआबाईंच्या वाढदिवसाच्या कॉफीला. ठराव लिहूनच आणणार आहेत. तुमचे दिवे उतरवायचे आणि जुने काचेचे गोळे परत लावायचे. म्हाताऱ्या माणसांना डोळे मिटून जेवायला लावणारा आश्रम अख्ख्या स्वेनबोरमध्ये आमचाच!"

दिव्यावर नाव वास्तुविशारद ब्रांडस्ट्रूप यांचं होतं, पण शेडची वक्ररेषा रिग्मोरची होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती त्यांच्या कचेरीत आली, त्याला दोन वर्षं झाली होती. ही दोन्ही वर्षं तिने एकाच प्रश्नावर घालवली होती: खुर्चीत बसलेल्या माणसाला टेबल उजळलेलं दिसावं, समोरच्याचा चेहरा दिसावा, पण बल्ब दिसू नये. शेडची कड टेबलापासून साठ सेंटिमीटरवर असली की तो दिसत नाही. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त वर गेली की दिसतो. हे दिवे लागलेली ही पहिलीच सार्वजनिक इमारत. इथून उतरले तर कारखानदार पुढची एकही शेड करणार नव्हता. तसं त्याने लिहूनच कळवलं होतं.

तिने अकराही बल्ब काढून पाहिले. सगळे चाळीस वॅटचे, सांगितलेलेच. विजेचा दाब बरोबर. एकाही शेडला पोचा नाही. शेवटी ती एका खुर्चीत बसली, आणि उघडा बल्ब तिच्या डोळ्यांसमोर लख्ख चमकला.

तिने टेप काढली. एकोणसत्तर. शेजारच्या टेबलावर एकोणसत्तर. अकराही टेबलांवर एकोणसत्तर! शिडीवर चढून तिने वायरीचं टोक झाकणारी छताजवळची वाटी खाली सरकवली. आत वायरीला एक सुबक गाठ होती.

"येप्पे!" ओस्टेनफेल्डबाईंनी हाक मारली.

आश्रमाचा रखवालदार येप्पे फडक्याला हात पुसत आला. "मीच मारली. छान आहे ना? बाहेरून दिसत पण नाही."

"पण का?"

"निशाण बसेना."

"कसलं निशाण?"

तिला दिसत नाही की काय, अशा नजरेने येप्पेने तिच्याकडे पाहिलं. "वाढदिवसाचं, बाई. टेबलावरचं. तुमच्या घरी ठेवत नाहीत?"

रिग्मोरच्या घरी ठेवत. सगळ्यांच्याच घरी ठेवत. दर वाढदिवसाला तिची आई केकशेजारी देशाचं तांबडं-पांढरं निशाण उभं करायची. दोन वर्षं तिने टेबलावर कप काढले, ताटल्या काढल्या, माणसांची डोकी काढली. निशाण मात्र एकाही आकृतीत काढलं नव्हतं.

"वाढदिवसापुरती गाठ मारायची आणि मग सोडायची!"

"चव्वेचाळीस माणसं आहेत. आठवड्याला एक वाढदिवस धरा. आणि शिडीवर कोण चढणार, तुम्ही?"

"मग काठी जरा बाजूला ठेवा."

"बाजूला ताटल्या असतात. आणि निशाण काय कोपऱ्यात उभं करायचं? शिक्षा झाल्यासारखं?"

तिने कोपनहेगनला फोन लावला. ब्रांडस्ट्रूपसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साठ म्हणजे साठ. निशाण काढायला सांग."

"साहेब, वाढदिवस आहे."

"मग केक खा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काठी सहासष्ट सेंटिमीटर भरली, वरच्या सोनेरी गोळ्यासकट. ती घडवली होती लाउरिस यांनी. आयुष्यभर जहाजांच्या डोलकाठ्या केलेला हा माणूस आता एक्याऐंशी वर्षांचा होता आणि पेट्रेआबाईंच्याच टेबलाशी बसायचा.

"कापू?" लाउरिस म्हणाले. "पोरी, माझ्या हातचं शेवटचं काम आहे ते. तुझा दिवा काप."

"दिवा कापून भागत नाही, आजोबा. हिशेब आहे त्याचा."

"काठीचा पण हिशेब असतो. तुला काय वाटलं, आम्ही डोळे मिटून रंधा मारायचो?"

रिग्मोरचा आवाज चढला. "दोन वर्षं! दोन वर्षं मी एका कडेसाठी खपले, आणि तुम्ही सगळे मिळून एका गाठीने..." ती शिडीवर चढली, पेट्रेआबाईंच्या टेबलावरची गाठ सोडली आणि दिवा साठवर आणला.

पेट्रेआबाई नव्या पोशाखात केव्हाच येऊन बसल्या होत्या. मोतीबिंदू काढल्यापासून दिव्याखाली त्या कपाळावर आडवा हात धरूनच बसत. थोड्या वेळाने त्यांनी तो हात खाली घेतला.

"लाउरिस," त्या म्हणाल्या, "तुझी मिशी पांढरी झालीय की!"

"दहा वर्षं झाली."

"मला वाटायचं, उजेडामुळे तशी दिसते. आणि बटण चुकलंय तुझं. वरून दुसरं."

लाउरिसनी छातीकडे पाहिलं. बटण काढलं, नीट लावलं.

"किती कापायची?" त्यांनी विचारलं.

"सहा लागतील. आठ घेतले तर कडेला घासणार नाही."

"येप्पे, करवत आण. बारीक दातांची, लाकडं फोडायची नव्हे." येप्पेने काठी बैठकीतून उपसली आणि गोळ्याच्या बाजूने पेन्सिल टेकवली, तसे लाउरिस खेकसले. "अरे गाढवा, डोलकाठी कधी वरून कापतात का? बुडातून! आण इकडे."

काठी त्यांनी स्वतःच कापली. तोवर रिग्मोर आणि येप्पेने उरलेल्या दहा गाठी सोडल्या. शिडीवर रिग्मोर चढली.

अध्यक्ष तीनला पाच कमी असताना आले. पेट्रेआबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले, तीन कप कॉफी घेतली, आणि निघताना ठराव होता तसा घडी घातलेलाच खिशात परत नेला. कपबश्या उचलल्यावर रिग्मोरने पुन्हा टेप लावली आणि वहीत लिहिलं.

दिव्याची कड, अकराही टेबलं: साठ सेंटिमीटर. निशाणाचं टोक, गोळ्यासकट: अठ्ठावन्न.