पंच्याऐंशीचं गणित

हवा म्हणजे रिकामी जागा नाही, हे मला कळलं त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला शांतता मिळालेली नाही. शाळेत मी पुठ्ठ्याचा एक लांब बोगदा केला, एका टोकाला पंखा लावला आणि त्यात बटाटे, चेंडू, बाटल्या, अगदी डॅडचा बूटसुद्धा दोरीला टांगून पाहिला. वारा कुणाला किती मागे ढकलतो ते मोजलं. आणि मग जिनं दोन वर्षं वर्गात हात वर केला नव्हता ती मुलगी, म्हणजे मी, फळ्यासमोर उभी राहून सगळ्यांना सांगत होते की वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो! टाळ्या पडल्या. त्यानंतर मी थांबलेच नाही. अंगणात कोंबडी पळाली तरी मी तिच्या आकाराबद्दल बोलायची.

म्हणून नॅननं, माझ्या आजीनं, मला गणित करायला सांगितलं, तेव्हा त्यात नवल वाटलं नाही. मला नाही तर कुणाला सांगणार?

त्याचं असं झालं. नॅनची थोरली बहीण मर्ल सिडनीहून ट्रेननं निघाली होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला, मुलाकडे कायमची राहायला. मर्लचे डोळे जवळजवळ गेलेत. ती इकडे परत येणार नव्हती, आणि नॅन विमानात पाय ठेवत नाही. वाटेत ती ट्रेन ब्रोकन हिलला तासभर थांबते. तेवढा तास दोघी बहिणींचा. आमच्या मेंढ्यांच्या रानापासून ब्रोकन हिल, आम्ही नुसतं हिल म्हणतो, दोनशे किलोमीटर. सुट्टी संपल्यामुळे मलाही तिथल्या हॉस्टेलवर परतायचंच होतं. आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे शिकाऊ परवाना होता, पिवळ्या पाटीवर काळा एल!

अडचण होती ती पेट्रोलची. गाडीचा पेट्रोलचा काटा केव्हाच मेलेला. मेंढ्या गोळा करताना मोटरसायकलींनी साठा संपवला होता, टँकर पुढच्या आठवड्यात येणार होता, आणि वाटेतला एकुलता एक पंप दोन वर्षांपूर्वी बंद पडलाय. टाकीत होतं तेवढं आणि शेडमधले दोन कॅन, बस्स.

"पुरेल?" नॅननं विचारलं.

"पंच्याऐंशीनं गेलो तर पुरेल. थोडं उरेलसुद्धा. शंभरनं गेलो तर नाही."

"म्हणजे हळू गेलं की लवकर पोचतो?"

"हळू गेलं की पोचतो, नॅन. लवकरचं नंतर बघू."

"आणि टपावर ती तुझी गादी? राणीसाहेबांना हॉस्टेलचा पलंग टोचतो ना!"

"गादी धरूनच केलंय गणित."

"बरं बाई. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तू म्हणशील तसं."

पहाटे मी गादी बांधत होते आणि नॅन कॅन ओतत होती. दोन्ही. रिकामे झाल्यावर तिनं ते शेडच्या खिळ्यांना उलटे अडकवले, ते मी दोरीची गाठ मारता मारता पाहिलं.

नॅन निळ्या फ्रॉकमध्ये शेजारी बसली. ओठांना लाली, मांडीवर मर्लसाठी केलेल्या फ्रूटकेकचा डबा. पहिला तासभर ती नुसती मर्लबद्दल बोलत होती. "तिनंच मला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पाण्याच्या टाकीत ढकललं आणि काठावर बसून सफरचंद खाल्लं."

"आणि तू?"

"वर आले आणि तिचं सफरचंद हिसकावलं."

मी पंच्याऐंशीवर होते. काटा त्या आकड्यावर खिळ्यानं ठोकल्यासारखा. मग नॅनचा डोळा लागला.

थोड्या वेळानं मागून तीन ट्रेलरचा एक लांबलचक ट्रक आला. ओलांडून जाताना ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, टपावरच्या गादीकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही हात गालाखाली जोडून झोपेची नक्कल केली. स्टिअरिंग सोडून! मला असा राग आला म्हणून सांगू! आणि त्या रागातच एक कल्पना सुचली, ती तर मला फारच हुशारीची वाटली. ट्रक पुढे हवा फोडत चालला होता. त्याच्या पाठीमागे राहिलं तर आपल्याला फोडायला हवा उरतेच कुठे? म्हणजे शंभरनं गेलं तरी खर्च पंच्याऐंशीचाच. मी त्याच्या मागे लागले. खरंच, गादीची फडफड थांबली, गाडी कशी लोण्यातून चालल्यासारखी. शंभर. एकशे पाच. एकशे दहा. शिकाऊ लोकांना शंभरच्या वर जायची परवानगी नाही, आणि ट्रकच्या इतक्या जवळ चिकटून जायला तर कुणीच सांगणार नाही. मला सगळं ठाऊक होतं. पण मला माझ्या हुशारीचा इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं गात होते.

मग ट्रक एका खाणीच्या कच्च्या रस्त्याला वळला.

तिथे मी वेग कमी करायला हवा होता. समोरून वारा सुटला होता. रस्त्याकडेची खुरटी झुडपं सगळीच्या सगळी आमच्या दिशेनं वाकली होती, आणि गादी टपावर एखाद्या जनावरासारखी घुमत होती. मी ती झुडपं पाहिली. पुठ्ठ्याच्या बोगद्यात मी हेच तर मोजलं होतं! पण रस्ता सरळ होता, पुढे कुणी नव्हतं, आणि एकशे दहावरून खाली यायचं पायाच्या जिवावर आलं होतं. दुसरं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

हिल अर्ध्या तासावर राहिलं असताना इंजिन खोकलं, आचके दिले आणि गप्प झालं. मी गाडी कडेला आणली. वाऱ्यानं ती उभ्या उभ्या हलत होती.

नॅन जागी झाली. "पोचलो?"

"नाही."

तिनं चावी फिरवायला लावली. पुन्हा लावली. मग घड्याळाकडे पाहिलं. ट्रेन हिलला यायची वेळ होत आली होती. तिथे फोनला रेंज नव्हती. मी खाली उतरून रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. काळा डांबरी पट्टा, पलीकडे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे रूळ. गाडी एकही नाही.

"ब्रायनी," नॅन हळूच म्हणाली, "मी दुसरा कॅन ओतला होता ना गं?"

मी टपावरच्या दोरीची गाठ उगाच आवळली.

"पहिला ओतलेला आठवतोय. दुसऱ्याच्या वेळी कुत्रा मधे आला... नाही, तो काल आला होता." तिनं डोळे मिटून कपाळ चोळलं. "तुझ्या डॅडनं स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावून ठेवल्यात ना, गॅस बंद करा, नळ बंद करा. मी रोज त्याला हसते. त्याला हे सांगू नकोस हं. तो म्हणेल, झालं, आता आईला एकटीला ठेवायला नको."

आता बोल, असं मी मला म्हटलं. आणि माझ्या तोंडून आलं, "नाही सांगणार."

लगेच तिच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव आला की मला माझीच शिसारी आली. ती माझा हात थोपटत होती. मी तिची बहीण हिरावली होती आणि ती माझा हात थोपटत होती.

एक ट्रक आला. तो थांबायच्या बेतात नव्हताच. त्याच्या मागच्या हवेनं आम्हाला असा धपाटा घातला की नॅन दारावर आपटली. मी केकचा डबा तिच्या हातातून घ्यायला गेले, तर दिला नाही. "मर्लचा आहे," म्हणाली, जणू मर्ल आता येईलच.

आणि मर्ल आलीच. जवळजवळ दोन तासांनी हिलच्या बाजूनं ट्रेनचा भोंगा ऐकू आला. नॅननं डबा बॉनेटवर ठेवला, फ्रॉक वर धरला आणि काटेरी झुडपांतून कुंपणाकडे जवळजवळ पळत निघाली. मी मागोमाग. चंदेरी डबे येऊ लागले, एकामागून एक, संपेचनात. नॅन प्रत्येक खिडकीला हात करत होती, कारण मर्ल कुठल्या डब्यात आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. आतली माणसं खुशीत होती. ओसाड रानात निळ्या फ्रॉकमधली म्हातारी हात हलवतेय म्हणजे त्यांना केवढी गंमत! त्यांनीही हात हलवले. एकानं फोटो काढला.

शेवटचा डबा गेला. मागून धुळीचा लोट आमच्या अंगावर आला.

"तिला दिसतसुद्धा नाही," नॅन म्हणाली. तिचा हात अजून वरच होता. "मी कुणाला हात करतेय?"

मग मी बोलले. ट्रकपासून सगळं. मला वाटलं होतं बोलताना रडू येईल, पण आवाज फळ्यासमोर होता तसाच स्वच्छ येत होता, आणि त्याची मला फार लाज वाटली.

नॅननं कुंपणाच्या तारेला धरलं. "किती?"

"एकशे दहा."

"मोठ्यानं सांग सगळं. वर्गात सांगितलंस तसं."

"पंच्याऐंशीच्या जागी एकशे दहा. समोरून वारा तीसचा तरी असेल. म्हणजे हवेच्या हिशोबानं आपण एकशे चाळीसनं चाललो होतो. विरोध अडीचपटीहून जास्त."

"आणि वारा सुटल्यावर हळू केली असतीस तर?"

मी ते गणित आधीच केलेलं होतं. गाडी बंद पडल्यापासून डोक्यात तेच चाललं होतं. "सत्तरवर आणली असती तर पोचलो असतो. ट्रेन येऊन थांबल्यावर. पण सुटायच्या आधी."

"किती आधी?"

"चाळीस मिनिटं मिळाली असती."

ती रुळांकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे दुसरा कॅन मी ओतला होता."

"हो. दोन्ही उलटे टांगलेससुद्धा. मी पाहिलं."

"पाहिलंस?"

मी मान डोलावली.

"सोळाव्या वर्षी मीही गाडी पळवायचे," नॅन म्हणाली. "ते मला कळतं. पण मघापासून मी माझं डोकं गेलं म्हणून बसले होते गं. आणि तुला ठाऊक होतं." तिच्या ओठांवरची लाली धुळीनं तपकिरी झाली होती. ती वळली आणि गाडीकडे चालू लागली. मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

बऱ्याच वेळानं कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढणारं एक जोडपं थांबलं. नवरा पेट्रोलचा कॅन घेऊन उतरला, हसरा, टोपीवाला. त्यानं आधी नॅनकडे पाहिलं आणि मग, म्हातारी माणसं बहिरीच असतात असं समजून, मोठ्यानं म्हणाला, "काय आजीबाई, पेट्रोल भरायचं विसरलात वाटतं?"

नॅननं केकचा डबा बॉनेटवरून उचलला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"ती नाही विसरली," मी म्हटलं. "तिनं सगळं ओतलं होतं. मी वाऱ्यात एकशे दहानं चालवली. तिला तिच्या बहिणीला भेटायचं होतं, त्या ट्रेनवर. माझ्यामुळे भेट चुकली."

माणूस अवघडला. टोपी मागे सारून म्हणाला, "असू दे पोरी. होतं असं."

"होत नाही," नॅन म्हणाली. "तिनं केलं."