शेजाऱ्याची साक्ष

“डोन्या, या घरात तुम्ही झोपता कुठं?” कपाटाचं दार उघडून पालिकेच्या इन्स्पेक्टर ओर्व्हिलनं विचारलं. वयानं मोठ्या बाईला इथं मानानं ‘डोन्या’ म्हणतात.

कपाट रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, लिंबाच्या पाण्यानं पुसून लख्ख केलेलं. घरमालकीण एर्मेलिंदाला स्वतःचं कौतुक वाटलं.

“इथंच की! धुळीचा कण सापडला तर नाव बदलेन.”

पालिकेचा माणूस घर बघायला येणार हे कळल्यापासून तिनं कंबर कसली होती. सरकारी पाहुण्यापुढं आपला पसारा मांडायचा नसतो, हे या किनाऱ्यावरच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. नवऱ्याचा फोटो, देवीची मूर्ती, गुडघ्याचं मलम, झिजलेल्या चपला, सगळ्याचं बोचकं बांधून तिनं आदल्या दिवशी भाचीच्या ट्रकमधून तिच्या घरी, पोन्से शहरात, रवाना केलं होतं. वास नको म्हणून फ्रिजमधला खारा मासाही सोबत गेला.

आता ओर्व्हिल तोच फ्रिज उघडून उभा होता. आत पाण्याच्या दोन बाटल्या.

“मालक स्वतः राहत असेल तरच वरची खोली पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा परवाना टिकतो, डोन्या. राहण्याची काही खूण लागते मला. इथं तर दात घासायचा ब्रशसुद्धा नाही.”

एर्मेलिंदानं कपाळावर हात मारला.

“अरे देवा! मी आवरलं रे बाळा. तू येणार म्हणून आवरलं!”

“सगळे असंच काहीतरी सांगतात.”

“विजेचं बिल बघ, माझ्या नावावर आहे.”

“न्यूयॉर्कला राहून इथलं घर भाड्यानं देणाऱ्यांच्याही नावावर असतं.”

माणूस वाईट नव्हता. डोंगरातल्या गावाहून नुकताच बदलून आलेला, इथं कोणाला ओळखत नव्हता, इतकंच. घाम पुसत तो म्हणाला, “एक करा. तुम्ही इथंच राहता, असं गल्लीतल्या दोघा शेजाऱ्यांना सांगू द्या. नातेवाईक चालणार नाहीत. आणि मला आजच अहवाल द्यायचाय.”

परवाना गेला की खोलीचं भाडं गेलं, भाडं गेलं की घर. मग फ्लोरिडाला लेकीच्या बैठकीतल्या सोफ्यावर उरलेले दिवस काढायचे. लेक मायाळू होती, पण तिच्या खिडकीतून फक्त लोकांच्या गाड्या दिसत. तिथं जायच्या नुसत्या कल्पनेनं एर्मेलिंदाला धडकी भरे.

“शेजारी? जन्म गेला माझा या गल्लीत! चल.”

ती तरातरा बाहेर पडली आणि रस्त्याच्या मधोमध थबकली. शेजारच्या कार्मेलोनं घर विकलं होतं. शिंपीण तोन्या मुलाकडं गेली. कोपऱ्यावरचा पाववाला वारला. दारोदारी आता भाड्यानं येणाऱ्या पाहुण्यांसाठी आकडे दाबून उघडायची कुलपं. हे ती रोज बघत होती, पण हाक मारायला माणूस हवा अशी वेळ आजच आली. आपणही याच पाहुण्यांच्या जिवावर जगतो, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तरीही तिनं तोन्याचं निळं दार वाजवलं. उन्हानं लालबुंद झालेल्या एका परदेशी बाईनं दार उघडलं आणि एर्मेलिंदा काही बोलायच्या आत ओल्या टॉवेलांचा ढीग तिच्या हातांत ठेवला.

ओर्व्हिलनं सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “या बाईंना ओळखता?”

“हो, हो!” बाई तोंडभर हसली. “सफाई!”

दार बंद झालं. ओर्व्हिल आपल्या बुटांकडं बघत राहिला. एर्मेलिंदाचे कान तापले होते. तिनं काठाला काठ जुळवून एकेका टॉवेलाची घडी केली आणि ढीग उंबऱ्यावर ठेवला.

“मी इथली आहे एवढं तरी कबूल केलं ना तिनं? एक साक्ष धर.”

“धरता येत नाही, डोन्या.”

“मग पुढचं दार.”

पुढचं दार कार्मेलोनं विकलेल्या घराचं. तिनं अंगावरचा झगा सारखा केला, दार वाजवलं, आणि कोणी उघडेल म्हणून ताठ उभी राहिली.