मिस्त्रीचे शेंदरी दगड

भीती कुणाला पोटात धरते, कुणाला छातीत. इंद्रभान मिस्त्रीला ती गुडघ्यात धरायची. उभ्या माणसाचे गुडघे असे पातळ व्हायचे की विचारू नका. आणि हे व्हायचं कधी, तर साखळीच्या, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या माळेवर चालणाऱ्या, ट्रॅक्टरखाली शिरायची वेळ आली की. आता बोला! मलकापूरपासून मेहकरपर्यंत असा ट्रॅक्टर कुठंही बसला की लोक म्हणत, इंद्रभानला आणा. मागच्या दातेरी चाकाच्या आतली ती अवजड पेटी, जिला सगळे फायनल म्हणत, ती रानात उघडून रानातच बसवणारा मिस्त्री तो एकच. पण पाच वर्षं झाली, हा नामी मिस्त्री ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘‘कंबर धरली बाप्पा.’’ कंबर कसली धरते! दोन पोती खांद्यावर घेऊन चालेल अशी कंबर होती त्याची.

धरलं होतं उंद्रीनं. उंद्री गावाजवळच्या एका कामावर त्याचा जोडीदार रामराव असाच फायनलखाली निजला होता. चढावरचा ट्रॅक्टर मागं येऊ नये म्हणून साखळीमागं बाभळीचा ठोकळा लावलेला. तो ठोकळा कुणीतरी उचलून नेला. नेणाऱ्याला काय ठाऊक? चूल पेटवायला बरा, एवढंच त्यानं पाहिलं असेल. ट्रॅक्टर हातभर मागं आला. रामराव ओरडलासुद्धा नाही. इंद्रभान चार पावलांवर बसून बिडी ओढत होता, आणि ती बिडी नंतर कितीतरी वेळ त्याच्या बोटांत तशीच जळत राहिली.

तेव्हापासून त्यानं लाकडाचं नाव टाकलं. साखळीमागं दगड लावायचे, तेही शेंदूर फासून. शेंदराची पुडी त्याच्या अवजारांच्या पेटीतच असे. तेल वेगळं कशाला? गिअरचं काळं तेलच त्यात कालवायचा. बोटानं दोन डोळे काढले की झाला देव! शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावायची आपल्या मुलखात कुणाची छाती आहे? पोरं लांबून जात, बाया पाया पडत, आणि दगड जागचा हलत नसे. पाच वर्षांत एकदाही हलला नव्हता. या युक्तीचा इंद्रभानला मोठा अभिमान होता, आणि देवाधर्मावर त्याचा फारसा विश्वास नव्हता हेही सांगून टाकतो.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गावोगाव मातीचे बांध निघाले होते. बीबी गावच्या शिवारात एका नाल्यावर गुलाबराव ठेकेदाराचा ट्रॅक्टर माती लोटत होता. दुसऱ्या महायुद्धातला, लिलावात घेतलेला, पार खिळखिळा झालेला. बांधाच्या चढावर असताना त्याच्या डाव्या बाजूनं दात खाल्ल्यासारखा आवाज यायला लागला. चालवणारा पुंजाजी बीबीचाच, तिशीतला, अंगानं बारीक पण कामाला वाघ. त्यानं तिथंच इंजिन बंद केलं आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

इंद्रभाननं येऊन खालची चकती खोलली. तेलाबरोबर पोलादाचा चुरा बाहेर आला. आतल्या लहान गिअरचे, म्हणजे पिनियनचे, दात गेले होते.

‘‘खाली सपाटीवर घ्याचा काय मिस्त्री?’’ पुंजाजीनं विचारलं.

‘‘एक पाऊल हालला तं पेटी फुटन. जथी हाये तथीच खोलू.’’

म्हणजे तोंड वर, शेपूट खाली, अशा चढावरच. पिनियन मुंबईहून मलकापूरला रेल्वेनं यायला वीस दिवस लागले. पुंजाजीनं ते मांडीवर घेऊन एष्टीनं आणलं, लेकरू आणावं तसं.

काम सुरू झालं त्या दिवशी ऊन कडक होतं. सकाळी डावी साखळी सोडून जमिनीवर पसरली. डावा मागचा कोपरा जॅकनं उचलून खाली रेल्वेचे स्लीपर रचले. मग ओढणी, म्हणजे चाक खेचून काढायचा लोखंडी पंजा, लावून बाहेरचं दातेरी चाक काढायचं. ते चाक असं बसलेलं असतं की आधी नुसतं ताणत जातं, ताणत जातं, आणि निघतं तेव्हा बंदुकीसारखा बार होतो. बार झाला. पुंजाजी हसला. इंद्रभान मात्र वळून उजव्या साखळीकडं गेला, कारण चाक निघालं की डावी बाजू मोकळी झाली. तिच्यावर आता ब्रेक चालणार नव्हता. वीस-बावीस खंडी लोखंड फक्त उजव्या बाजूच्या ब्रेकवर तोललेलं, आणि ब्रेक म्हणाल तर झिजलेला, तेल प्यालेला.

म्हणून उजव्या साखळीमागं त्यानं दोन मोठे दगड लावले. शेंदूर फासला. डोळे काढले. स्वतःच्या कमरेवर हात टेकवून म्हणाला, ‘‘पुंजा, माही कंबर तं तुले माहीत हाये.’’

‘‘तुमी सांगा, म्या करतो. त्याच्यात काय हाये?’’ असं म्हणून तो भला माणूस खाली शिरला. खांद्यापर्यंत हात पेटीत, छातीशी स्लीपरचा ढीग, पाय बाहेर. इंद्रभानला त्या पायांकडं बघवेना.

जेवणाच्या सुमारास पुंजाजीची आई केसरबाई भाकरी घेऊन आली. साठीची, काटक, एकुलत्या पोरावर जीव टाकणारी बाई. नवरा लवकर गेलेला, मिरच्या-वांगी लावून तिनं पोर वाढवलं होतं. ट्रॅक्टरखालून पोराचे नुसते पाय दिसले आणि तिचं तोंड उतरलं.

‘‘मिस्तरी, हे धूड माह्या लेकराले गिळन तं नाही ना?’’

इंद्रभान पुढं डाव्या अंगाला बसून नवं पिनियन रॉकेलमध्ये धूत होता. मान वर न करता थट्टेनं म्हणाला, ‘‘कायले भेतं मावशी? दोन देव बसवले ना म्या त्या बाजूनं. तेच सांभाळून राह्यले.’’

‘‘खरंच का?’’

‘‘जाऊन पाह्य ना. पाया पड.’’

ती गेली. तो मनात हसला. हसायलाच हवं होतं, कारण आतून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. पुंजाजी जुनं बेअरिंग ठोकून काढत होता. इंद्रभान ठोके मोजायला लागला, थांबला, परत मोजायला लागला.

अर्धा तास गेला असेल. पिनियन पुसून त्यानं मांडीवर घेतलं आणि डोळ्यावरचा घाम पुसत सहज वर पाहिलं. बांधाखाली वीस-पंचवीस पावलांवर पळसाचं झाड होतं, ऐन फुलात आलेलं. त्याच्या बुडाशी केसरबाई हात जोडून बसली होती. तिच्यापुढं दोन शेंदरी दगड, पाण्यानं धुतलेले, वर पळसाची फुलं वाहिलेली.

पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. चला, याही गावानं देव मांडला. मग त्याला एका दगडाचा उडालेला कोपरा दिसला. तो कोपरा सकाळी त्यानंच घणानं उडवला होता.

अरे देवा! एवढंच म्हणाला तो, आणि तेही मनातल्या मनात.

पिनियन हातात तसंच घेऊन तो उठला. गुडघे नव्हतेच. कसा गेला कुणास ठाऊक, पण ट्रॅक्टरला वळसा घालून उजव्या बाजूला गेला. साखळीमागं दोन खळगे होते, नुसते रिकामे. सारा भार ब्रेकवर होता, दगडावर नव्हता, म्हणून तर म्हातारीच्या हाताला ते निघाले, आणि उताराला लोटत नेता आले. आणि साखळीच्या शेवटच्या पट्टीपुढं मुरमावर ताज्या, ओल्या मातीची बोटभर रेघ उमटली होती. म्हणजे ट्रॅक्टर निघाला होता. बोटभर आला होता.

पलीकडून ठोका पडला. त्याच्या डोळ्यांदेखत पट्टी जवारीच्या दाण्याएवढी सरकली.

ओरडावं? ओरडलं तर पुंजाजी दचकणार, पाय झाडणार, ढिगाला लाथ बसणार. ढीग कलला की संपलं. दगड आणावे? पळत जाऊन, मणभराचा दगड उचलून, चढ चढून यायचं? तोवर उंद्री होते इथं! रामरावचं ते मुकं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याला वाटलं, आपण इथंच बसणार, परत तसेच, बिडी घेऊन.

‘‘पुंजा,’’ तो म्हणाला. आवाज कसा नीट निघाला ते त्यालाच कळलं नाही. ‘‘हातोडा ठेव बरं. जरा दम खाय.’’

‘‘निघतच आलं मिस्त्री. दोन ठोके फक्त.’’

‘‘नोको! ठेव म्हणतो ना. हलू नोको. मले आतला आवाज आयकू दे.’’

ठोके थांबले. मिस्त्रीला आवाज ऐकायचा आहे म्हटल्यावर पुंजाजी श्वाससुद्धा बेतानं घेणार, हे इंद्रभानला ठाऊक होतं. आता सगळं गप्प झालं, आणि त्या गप्पपणात ब्रेकचा पट्टा आतून कुईऽऽ करून सुटायला लागलेला त्याला ऐकू आला.

हातात पिनियन होतं. वीस दिवस वाट पाहिलेलं, मुंबईचं, कोरं पिनियन. त्यानं विचार केला म्हणाल तर खोटं होईल. तो पालथा पडला, साखळीमागं, बरोब्बर तिच्या वाटेत, आणि दोन्ही हातांनी पिनियन पट्टीखाली कोंबलं. दांडा मुरमात रोवला. हात मागं घेतला न घेतला तोच ब्रेक सुटला.

अख्खा ट्रॅक्टर कण्हला. चार बोटं मागं आला. पिनियनचे दात एकामागून एक तडातड उडाले, एक कपची इंद्रभानच्या कानाजवळून गेली. पलीकडं स्लीपर करकरले. मग लोखंड मुरमात रुतलं आणि थांबलं.

‘‘मिस्त्री?’’ पलीकडून बारीक आवाज आला.

‘‘हाये का रे तू?’’

‘‘हाव. हात अडकला होता. निघाला.’’

‘‘हळू ये बाहेर. पाय लावू नोको ढिगाले. सापासारखा सरक.’’

पुंजाजी बाहेर आला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललं होतं, रक्त आणि काळं तेल एक झालं होतं, पण हात होता, बोटं हलत होती. त्यानं कललेला ढीग पाहिला आणि तो मटकन खाली बसला. एवढा वेळ आपण कशाखाली होतो हे त्याला आता कळत होतं. इंद्रभाननं आधी लागतील तेवढे दगड आणून दोन्ही बाजूंना ठासले. शेंदूर काही लावला नाही.

आवाज ऐकून केसरबाई धावत आली. पोराचा हात पाहून तिनं पदर फाडला आणि बांधायला बसली. बांधता बांधता एकदम म्हणाली, ‘‘पाह्यलं ना मिस्तरी! बरं झालं म्या वेळेवर मोकळं केलं देवाले. लोखंडाखाली दाबलेला देव माह्या पोराले कसा पावन? झाडाखाली मांडला, फुलं वाहली, अन् पाह्य, लेकरू वाचलं!’’

इंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं. किती समाधान होतं त्या तोंडावर! गप्प बसणं किती सोपं होतं. पण दुसरं पिनियन येणार होतं, कुणीतरी परत खाली शिरणार होतं, आणि ही बाई परत भाकरी घेऊन येणार होती.

‘‘मावशी,’’ तो म्हणाला, ‘‘ते देव नोहत. ट्रॅक्टर मांगं येऊ नये म्हणून लावले होते. कोणी उचलू नये म्हणून म्या शेंदूर फासला. तू ते काढले म्हणून ट्रॅक्टर सुटला.’’

तिचे हात थांबले. पोराच्या हातावरची गाठ अर्धीच राहिली. ती आपल्या बोटांकडं बघत राहिली. बोटांना शेंदूर लागला होता.

‘‘म्या?’’ ती म्हणाली. ‘‘म्या काढले... माह्या हातानं?’’

‘‘तुहा दोष नाही. देव हायेत असं मीच सांगतलं तुले. थट्टा केली म्या.’’

तिला रडू येईल, शिव्या देईल, असं इंद्रभानला वाटलं, आणि शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरंच झालं असतं. तिनं गाठ पुरी मारली, नीट आवळली आणि त्याच्याकडं वळली.

‘‘मिस्तरी तू. सारं कळते तुले. मंग माह्या लेकराले काऊन घातलं खाली? तू काऊन नाही गेला?’’

पुंजाजीच मध्ये बोलला, ‘‘माय, त्याइची कंबर...’’

‘‘कंबर चांगली हाये माही,’’ इंद्रभान म्हणाला. त्याला वाटलं होतं हे कधीच तोंडातून निघणार नाही, पण निघालं. ‘‘मले भेव लागते, मावशी. लय भेव लागते.’’

पुंजाजी त्याच्याकडं बघतच राहिला. मघाशी लोखंडाच्या धुडापुढं पालथा पडलेला माणूस हाच, हे त्यानं पाहिलंच नव्हतं, आणि इंद्रभाननंही सांगितलं नाही. केसरबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, एक चतकोर पोराच्या धड हातात दिला, एक इंद्रभानपुढं धरला. त्यानं आपले मातीनं भरलेले हात मागं घेतले. मग तिनं तो त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘मले बी लागते. रोज लागते. तरी म्या धाडते ना त्याले?’’