लागतंय का?

दोरा नव्हे तो... नायलॉनचा ताठ केस, पांढऱ्या काडीच्या टोकाला बसवलेला. जन्म शिवणकामात गेलेला, त्यामुळे तिच्या मनात आलं, याला गाठसुद्धा बसायची नाही. नर्सबाईंनी तो आधी तिच्या हाताला टेकवला, तर चांगला टोचला. मग म्हणाल्या, आता हेच पावलांवर करायचं, डोळे मिटून. लागलं की सांगायचं, आणि मावशी, चोरून बघायचं नाही. शिबिरातली मंडळी हसली. प्रत्येकाबरोबर घरचं कुणीतरी होतं, कुणाची सून, कुणाचा नवरा. साखरेचा आजार एकट्यानं सांभाळायचा नसतो, असं नर्सबाई सकाळपासून बजावत होत्या. तिच्याबरोबर मुलगी होती.

मुलगी आली ती टाचणीमुळे. दिवसभर मशीन चालवून ही उठली, तेव्हा कपडे न्यायला आलेल्या शेजारणीला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. टाचणी टाचेत डोक्यापर्यंत रुतलेली, आणि हिला पत्ताच नाही. शेजारणीनं परस्पर फोन केला. वडील गेल्यापासून उंबरा न चढलेली पोर दुसऱ्या दिवशी दारात उभी... कानशिलांवर केस पांढरे झालेली. कधी झाले?

वडिलांनाही हाच आजार होता. मुलगी त्यांचं ताट मोजूनमापून वाढायची, आणि तिची पाठ वळली की ही त्यांच्या चहात साखर ढवळायची — चमचा कपाला लागू न देता. लहान मुलासारखे बघायचे गं ते माझ्याकडे... काय करणार होते मी? ते गेल्यावर मुलगी एवढंच म्हणाली होती, "तू त्यांना लाडानं मारलंस." कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटतं. हे वाक्य मात्र घरात राहिलं आणि मुलगी निघून गेली.

"आता घरच्यांनी करून बघा," म्हणत नर्सबाईंनी काडी मुलीच्या हातात दिली. हिनं डोळे मिटले, मुलगी खाली बसली. आईचं पाऊल तिनं मांडीवर घेतलं — घेतलंच असणार, गुडघा उचलला गेला त्यावरून कळलं.

पलीकडे कुणीतरी गुदगुल्या होऊन खिदळत होतं. ही वाट बघत राहिली. मुलीचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी सुईत दोरा ओवताना यायचा तसा, अडकत अडकत... पायात काही नव्हतं. पण पोर एवढी लांबून आली, तिला निदान एवढं तरी...

"लागलं," ती म्हणाली.

तिनं आणखी जरा वाट बघितली.

"हं, आत्ताही लागलं. अंगठ्यापाशी."

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "मी अजून टेकवलाच नाही."

आता ते जुनं वाक्य येणार, म्हणून तिनं अंग चोरलं. ते आलं नाही.

"मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस गं," मुलगी म्हणाली. आवाज चिरकला होता. "लागतंय का, तेवढंच सांग."

"नाही," ती म्हणाली. "काहीच कळत नाही मला."

टाचणी निघाली तेव्हा नव्हती वाटली, ती भीती आता शब्दांमागून वर आली. मुलगी रडत होती, एवढं श्वासावरून समजलं. तिचा हात अजून पावलावर होता की तिनं काढून घेतला होता, ते मात्र समजेना... आणि डोळे उघडून बघायचा धीर होईना.