कात्री चालू असताना

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पाकिटे फोडायची, दोरे तोडायची चिमुरडी कात्री नव्हे. थान पसरून कापड बेतायची कात्री. मला उचलताना नवख्याचे मनगट लचकते. वयाने मी या घरातल्या बहुतेकांहून मोठी आहे, तेव्हा माझे बोलणे पुरे होईपर्यंत मधे तोंड घालू नका. तशीही माझ्यासमोर बोलायची या घरात पद्धत नव्हती. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या ट्रकची पोलादी कमान त्याने आणली, तापवली, ठोकली, पाण्यात बुडवली आणि पुन्हा तापवली. दोन पाती निराळी घडवून मग एका खिळ्यात जखडली. घ्यायला आलेल्या तरुण बाईला तो म्हणाला, "खिळा फार आवळू नका, फार सैलही ठेवू नका. या दोघी सासू-सुनेसारख्या आहेत. एकमेकींना घासल्या तरच काम होतं."

"आणि नाही घासल्या तर?" बाईने विचारले.

"तर कापड चावतात."

त्या तरुण बाईला गिऱ्हाइके नुसते 'बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. ती शाळेत दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी शाळेलाच आपला कंटाळा आला, असे ती सांगते. नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगा, खोलीत एक शिवणयंत्र आणि टेबलावर मी. आम्ही दोघींनी त्या मुलाला वाढवले, असे मी म्हटले तर ती फुशारकी नव्हे. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे झगे, सभागृहाचे जाडजूड पडदे, सगळे माझ्या तोंडून गेले. "बाईंची कात्री कापडाची नासाडी करत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा बाई वर न बघता म्हणायची, "कात्री करत नाही. माणसं करतात."

बाईचे नियम मोजकेच होते. मला कागद दाखवायचा नाही, कागदाने धार मरते. मोठा तुकडा आधी बेतायचा, लहान तुकडे मागाहून उरलेल्या कापडात बसवायचे. आणि कात्री चालू असताना कोणी बोलायचे नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या गप्पांच्या नादात भारी कापडाच्या दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हा निकाल हातात धरून टेबलापाशी उभा होता, अख्खा पडदा कापून होईपर्यंत. मग बाईने मला खाली ठेवले आणि विचारले, "हं, काय म्हणत होतास?" तोवर त्याचा आनंद निम्मा निवला होता.

मुलगा मोठा होऊन याच धंद्यात आला. त्याने विजेवर फिरणारे गोल पाते आणले. ते एका दमात वीस थर कापायचे. माझी रवानगी खणात झाली, तुटक्या हुकांच्या आणि बटणांच्या शेजारी. मित्रांनो, काम करून झिजणे मला मान्य आहे. पण नुसते पडून गंजणे फार वाईट. माझ्या खिळ्यापाशी तांबूस ठिपका उमटला, आणि तो पुसायला कोणी आले नाही.

पुढे मुलाचे लग्न झाले. सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. आली तेव्हा बोलकी होती. बाईच्या टेबलापाशी दोन-तीनदा तोंड उघडले आणि टेबलावर आता विजेचे पाते फिरत असले तरी "कात्री चालू आहे" एवढेच जुने उत्तर मिळाले, तेव्हा तीही गप्प राहायला शिकली. त्यांना एक मुलगी झाली. तिला सगळे ठकी म्हणतात. ती तेवढी कोणाला जुमानत नाही.

आता मुद्द्यावर येते. एका परक्या देशाने सुनेला, मुलाला आणि ठकीला कायमचे राहायची परवानगी दिली. सुनेचे शिक्षण आणि तिची नोकरी बघून दिली. बाईचे नाव त्यात नव्हते, असणारही नव्हते. मात्र नुसती परवानगी मिळून भागत नाही. ठरल्या मुदतीच्या आत एकदा तिथे जाऊन, विमानतळावर कागद दाखवून शिक्का घ्यावा लागतो. मुदत टळली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कायमचे जाणे इतक्यात जमणारे नव्हते. सुनेच्या नोकरीचा करार संपायचा होता, मुलाने गणवेशांचे काम अंगावर घेतले होते. म्हणून आधी दोन आठवड्यांची फेरी करायचे ठरले. शिक्का घ्यायचा, बँकेत खाते उघडायचे, भाड्याच्या जागा आणि ठकीसाठी शाळा बघायची आणि परत यायचे.

"म्हणजे ताटावर बसायचं, एक घास घ्यायचा आणि हात धुवायचे," बाई म्हणाली.

"तसंच समज, आई," मुलगा म्हणाला.

"आणि जगाला सांगायचं की जेवून आलो."

तिथे थंडी फार, म्हणून बाईने जाड लोकरी कापड आणले. तीन कोटांसाठी विजेचे पाते कोण काढणार? बाईने खण उघडला. मला दगडावर घासून घेतले, खिळ्यात तेलाचा थेंब सोडला. किती दिवसांनी तिची बोटे माझ्या कड्यांत आली. बोटे जाड झाली होती, आणि हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता.

मुलाचा कोट बेतताना तिने फेरीचाही बेत केला. मी कापडातून चालले होते आणि ती बोलत होती. नियम इतरांना होता, तिला नव्हता.

"पहिला तू जा, एकटा. जागा बघ, माणसं बघ. मोठा तुकडा आधी. तू परत आलास की ही आणि ठकी जातील. उगाच सगळ्यांनी एकदम धावायचं कारण नाही."

मुलाने बायकोकडे पाहिले. सुनेने तोंड उघडले. मी चालतच होते. सुनेने तोंड मिटले.

"ठरलं मग," बाई म्हणाली.

मित्रांनो, कोणी हो म्हटले नव्हते. पण या घरात गप्प बसणे म्हणजे हो, असे इतकी वर्षे चालत आले होते.

सुनेच्या मनात शंका होती. रात्री नवऱ्याला म्हणाली, "मुख्य नाव माझं आहे. माझ्याआधी तुम्ही गेलात तर चालेल का?" तो म्हणाला, "आईचा मूड बघून सांगतो." मूड काही सापडला नाही. दुसऱ्याच दिवशी आईने "तिकीट काढलंस का?" म्हणून विचारले, आणि त्याने जाऊन स्वतःचे तिकीट काढून आणले. सुनेने परवानगी देणाऱ्या कचेरीला विचारणा केली आणि उत्तराची वाट बघत बसली.

उत्तर आले तेव्हा बाई सुनेचाच कोट बेतत होती. पाठीचा मोठा तुकडा दुहेरी घडी घालून पसरला होता आणि मी खांद्याच्या रेषेवर चढत होते. सून कामावरून तशीच आली, गळ्यातले ओळखपत्रही काढले नव्हते.

"आई, थांबा जरा."

बाईने मान वर केली नाही. "कात्री चालू आहे."

"दिसतंय मला. मी तरीही बोलणार आहे."

मी दोन बोटे पुढे सरकले. या टेबलापाशी असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो, पण ठाम होता.

"हे एकटे पुढे गेले तर यांना तिथून माघारी पाठवतील. ज्याच्या नावावर परवानगी आली त्याने आधी जायचं, नाहीतर सगळ्यांनी बरोबर. हे परत यायची मी वाट बघत बसले आणि पुढे माझी रजा हुकली, तर तारीख जाईल. तिघांचंही जाईल. मी चार वर्षं परीक्षा दिल्या आहेत, आई. रात्रपाळी करून दिल्या आहेत."

बाईचा हात थांबला. घावाच्या मधोमध. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी अर्ध्या घावावर कधी थांबले नव्हते.

"म्हणजे माझ्या मुलाने तुझ्या मागून चालायचं?"

"बरोबरीने चालायचं. बरोबरीने चालतं तिकडच्यांना."

"आणि तिघं एकदम गेल्यावर या घरात कोण?"

सून उत्तर द्यायला निघाली आणि थबकली. तिला आता कळले. मला आधीच कळले होते, कारण मी त्या हातात होते. मोठा तुकडा, लहान तुकडा ही सबब होती. बाईने फेरी अशी बेतली होती की कोणी ना कोणी मागे राहील, आणि घर पुरते रिकामे होणार नाही.

"घरात तुम्ही," सून हळू म्हणाली.

"मी आहे ते मला ठाऊक आहे गं. मी कोणाशी बोलू?"

"दोन आठवडे, आई. परत येणार आहोत."

"या वेळी याल."

"हो. या वेळी येऊ." सुनेने ओळखपत्राची दोरी मुठीत धरली. "पुढच्या वेळचं खोटं सांगणार नाही मी. पुढच्या वेळी राहायला जाणार. तुम्हाला बोलवायची सोय आहे, पण तिला वेळ लागतो, आणि होईलच असंही नाही."

दुसऱ्या कोणी गोड बोलून वेळ मारून नेली असती. ते बाईला खपले नसते. खरे बोलणे मात्र तिला पचले. कष्टाने पचले, पण पचले. तिने बोटे माझ्या कड्यांतून काढली आणि मला कापडावर तशीच आडवी ठेवली.

"मुख्य कोण म्हणालीस?"

"मी."

"मग माझा बेत चुकला. मोठा तुकडा तू आहेस आणि मी तुला अस्तरात घातलं." तिने डोळ्यांना पदर लावला नाही, ती जातच वेगळी. "तिघांची तिकिटं एका दिवसाची काढा."

तेवढ्यात मुलगा आत आला. बाईने त्याच्याकडे मोर्चा वळवला. "तुला माहीत होतं हे?"

"शंका होती."

"मग तोंडात काय टाचण्या धरल्या होत्यास?"

"तू कापत होतीस, आई."

बाईने मला उचलून टेबलाच्या कडेला सरकवले.

अर्ध्या घावामुळे सुनेच्या कोटाला पाठीवर एक जोड द्यावा लागला. "कोणी विचारलं तर तिकडची फॅशन आहे म्हण," बाई म्हणाली. निघायच्या दिवशी तिने स्वतः सुनेच्या कोटाची बटणे लावली, गळ्यापर्यंत. ठकीने विचारले, "आजी, तू का नाही येत?" बाई म्हणाली, "कोणीतरी दार उघडायला नको का तुम्ही आल्यावर?" मग सुनेला म्हणाली, "चल, तू पुढे हो." सून पुढे झाली, तिच्यामागे ठकी, आणि शेवटी बॅगा ओढत मुलगा.

घर शांत झाले. बाईने मला हातात घेतले आणि पुन्हा ठेवले. काम नव्हते असे नाही. दवाखान्याचे झगे पडून होते. पण गप्प बसायला घरात कोणी उरले नव्हते, आणि अशा ठिकाणी कात्रीचा आवाज फार मोठा येतो.

शेवटी सुनेचा फोन आला. त्या वेळी मी झग्याच्या बाहीत निम्मी शिरले होते. बाईने मला ताबडतोब सोडले.

"पोचलो, आई. शिक्का मिळाला तिघांना. माझं नाव आधी पुकारलं."

"कोट होता ना अंगावर?"

"होता."

"मग पुकारणारच. बोल अजून."

सून बोलत राहिली. रस्ता, बर्फ, उद्या बघायच्या भाड्याच्या जागा, ठकीने विमानात सांडलेले दूध. बाई "हं" म्हणत ऐकत होती आणि मी बाहीत तशीच अडकून पडले होते. मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, ते परत येतील, आणि मग एक दिवस कायमचे जातील. ते मला ठाऊक आहे, बाईलाही ठाऊक आहे. मी विमानात हातात धरून न्यायची वस्तू नव्हे, आणि बाईचे अजून काही ठरलेले नाही. तेव्हा जाता जाता एवढेच मागते. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी धार असेल, लोखंडाची असो नाहीतर माणसाची, तर तिला खणात टाकून विसरू नका. अधूनमधून पुसा, तेलाचा थेंब द्या. तिच्यापाशी खरे ते बोला. ती कितीही डोळे वटारो. आणि दूर गेलात तर फोन करा. ती काम अर्धे टाकून ऐकेल.