तीन बेचाळीसचा स्पॉट

हिम्मतरावांचं पत्र येऊन सोळा दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं, आणि तेव्हापासून शब्दकोश उघडायचं टाळत होतो.

हिम्मतराव नांदेडचे. आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या वार्षिक स्पर्धेच्या नोंदी तेच तपासतात. चोवीस तासांत घरच्या रेडिओवरून जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं आणि प्रत्येक बोलण्याची वेळ आणि समोरच्यानं दिलेला त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा, अशी ही स्पर्धा. त्यात एक सोय आहे. कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर ऐकू आला ते इंटरनेटच्या सामाईक फलकावर टाकायचं. त्याला आम्ही स्पॉट म्हणतो. स्पॉट पडला की त्या जागी झुंबड उडते, म्हणून नियम कडक आहेत. स्वतःचा स्पॉट टाकायचा नाही, दुसऱ्याला टाकायला सांगायचं नाही, आणि आपल्या कानांनी ऐकलं तेवढंच टाकायचं.

‘धम्मानंदजी,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘दुपारी तीन बेचाळीसला तुम्ही प्रियदर्शिनीचा स्पॉट वीस मीटरच्या पट्ट्यावर टाकलात. तुमच्याच नोंदीप्रमाणे त्या मिनिटाला तुम्ही चाळीस मीटरवर अभिजीतशी बोलत होता. एका रेडिओवर एका वेळी एकच पट्टा ऐकू येतो; मग तिला कसं ऐकलंत? तिनं सांगितलं होतं का? पंचवीस तारखेपर्यंतचा टपालाचा शिक्का चालेल. उत्तर आलं नाही तर तिचे गुण तसेच राहतील. संशयावर आम्ही कुणाला शिक्षा करत नाही.’

शेवटची दोन वाक्यं मला झोपू देत नव्हती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी भागलं असतं, आणि गप्प बसणं मला जन्मभर जमलेलं आहे. रेल्वेच्या कार्यालयातल्या ग्रंथालयात तीस वर्षं मी तेच केलं.

मी तिला ऐकलं नव्हतंच. तिचा फोन आला होता.

“काका, वीस मीटरवर अर्धा तास झाला, कुत्रंसुद्धा उत्तर देत नाही. मला टाका ना जरा फलकावर.”

माझ्या एका कानाला खांद्यानं दाबलेला फोन होता, दुसऱ्या कानाला हेडफोन. हेडफोनमधून अभिजीत त्याचा क्रमांक सांगत होता. मी अभिजीतचा क्रमांक लिहून घेतला आणि कीबोर्डवर प्रियदर्शिनीचा स्पॉट टाकला. विचार केला नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर केला होता. पोरगी बारा वर्षांची असताना मीच तिला रेडिओ शिकवला, एवढाच तो विचार. पुढच्या तासाभरात युरोपातली चौऱ्याण्णव केंद्रं तिच्या वाट्याला आली. ती एकल गटात पहिली आली आणि अभिजीत दुसरा.

पहिल्याला स्पर्धा घेणाऱ्या मंडळाच्या तुकडीबरोबर लक्षद्वीपच्या एका बेटावर आठवडाभर केंद्र चालवायला जायला मिळणार होतं. दुसऱ्याला काही नाही. जामबागच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रियदर्शिनीनं रजाही मंजूर करून घेतली होती.

चोवीस तारखेला मला केबलचा तुकडा हवा होता. अभिजीतचं गौलीगुड्यात विजेच्या सामानाचं दुकान आहे. दुसरीकडे जाता आलं असतं. का गेलो नाही, सांगता येत नाही.

“आओ काका, आओ!” तो म्हणाला. “क्या कान हैं तुमचे! माझ्याशी बोलता बोलता वीस मीटरवरची प्रियदर्शिनी ऐकू आली म्हणे.”

फलक सगळ्यांनाच दिसतो. मी केबलकडे बघत राहिलो.

“मला पण ऐकलं होतं ना त्याच मिनिटाला?” तो केबल मोजत म्हणाला. “मग माझा स्पॉट नाही टाकला.”

“नाही टाकला.”

“जाऊ द्या. मी तक्रार नाही करणार. तिला तुम्ही शिकवलं, मी यूट्यूबवर शिकलो. समजता है.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी सुटे न घेताच निघालो, आणि त्यानं रस्त्यापर्यंत येऊन ते माझ्या हातात दिले.

पंचवीस तारखेला सकाळी उत्तर लिहिलं. चार कागद फाडले, पाचवा ठेवला. मग प्रियदर्शिनीला फोन केला. तिच्या माघारी पत्र टाकणं मला जमलं नसतं. शाळा सुटल्यावर येते म्हणाली. तारनाक्याचं पोस्ट चारला बंद होतं. ती आली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

“पत्र आलंय हे मला आज सांगता?” तिनं हिम्मतरावांचं पत्र भराभर चाळायचा प्रयत्न केला. तिचं शिक्षण मराठीत झालेलं नाही, त्यामुळे मराठी हस्ताक्षर तिला पटकन लागत नाही. शेवटी मीच वाचून दाखवलं.

“मग टेन्शन कायकू?” ती म्हणाली. “उत्तर नका देऊ. गुण राहतात.”

“मला द्यायचं आहे.”

“तर लिहा, दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकलं. तो जुना आहे ना तुमच्याकडे.”

“त्याची एरियल मार्चपासून तुटली आहे.”

“हिम्मतरावांना काय माहीत?”

“मला माहीत आहे.”

ती खुर्चीतून उठली. “काका, एक फोन! सगळे करतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेत लोकांचे, एकमेकांना टाकायला. आणि पकडली जाणार मी? तुमच्यामुळे?”

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. कदाचित मी हे सगळं माझ्या झोपेसाठीच करत होतो, आणि किंमत ती देणार होती. घड्याळात तीन पंचवीस झाले होते. मी पाकीट हातात धरून उभा होतो. तिनं ओढून घेतलं असतं तर मी अडवलं नसतं.

“वाचा,” ती म्हणाली. “काय लिहिलंय?”

मी वाचलं. ‘मी तिला ऐकलं नव्हतं. तिचा फोन आला आणि मी स्पॉट टाकला. त्याच मिनिटाला अभिजीत मला स्वच्छ ऐकू येत होता, त्याचा टाकला नाही. तिला हा नियम नीट ठाऊक नसावा. तो समजावून सांगण्यात मी कमी पडलो. दोष माझा समजावा.’

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली भाजीवाला तेलुगूत ओरडत होता. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो आणि बघतही होतो.

“ते काढा,” ती न वळता म्हणाली.

“काय?”

“मला नियम ठाऊक नसावा म्हणे. मुलांना मी नियम शिकवते काका, रोज. मला ठाऊक होता. फोन करताना पण ठाऊक होता.”

“ते राहिलं तर कदाचित तुझे गुण...”

“नक्को. काढा ते.”

मी ते वाक्य आणि पुढची दोन्ही खोडली. समासात लिहिलं, ‘नियम आम्हा दोघांनाही ठाऊक होता.’ ते तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि पर्स उचलली.

“रजा रद्द करायला लागेल,” ती दारात म्हणाली. “प्रिन्सिपल मॅडमना काय सांगू, ते मी बघते. आणि आठ-दहा दिवस मला फोन नका करू.”

“बरं.”

जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला. मी पाकीट चिकटवलं, पत्ता पुन्हा तपासला आणि निघालो. तारनाक्याच्या चौकात सिग्नलला अडकलो. पोस्टात पोचलो तेव्हा बाई खिडकी लावायच्या बेतात होत्या.

“आज का मोहर लगेगा ना?” मी विचारलं.

त्यांनी पाकीट घेतलं, माझ्यासमोर शिक्का मारला आणि पोत्यात टाकलं.