बटाट्याचं पाप

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात सकाळपासून रांग लागायची. रांगेतल्या प्रत्येकाच्या पायाला काही ना काही गुंडाळलेलं असे. कुणाच्या बँडेज, कुणाच्या जुन्या चादरीची पट्टी. नंबर आला की पट्टी सोडायची आणि पाय स्टुलावर ठेवायचा. पांढऱ्याशुभ्र कपड्यातले बुवा काचेच्या सुरईतून मंतरलेल्या पाण्याची धार धरत, आणि जखम फसफसून उठे. पांढरा, दाट फेस पार टाचेपर्यंत ओघळे.

"निघालं, निघालं," बुवा डोळे मिटून म्हणत. "सात पिढ्यांचं साचलेलं विष निघालं. जेवढा फेस, तेवढं पाप."

मग तेच पाणी ते स्वतःच्या तळहातावर ओतत. तिथे एक बुडबुडा येत नसे. "इथं काही उरलंच नाही, तर निघणार काय?" रांग भारावून जाई. लोक त्यांना फेसबुवा म्हणत, आणि त्यात चेष्टा नव्हती, चक्क आदर होता. आपल्या पापाचा फेस शेजाऱ्यापेक्षा कमी आला म्हणून खूश होऊन घरी जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्या रांगेत माझे मामाही होते, हे मला फार उशिरा कळलं. मामांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. पायाच्या अंगठ्याखाली त्यांना मधुमेहाची जखम झाली होती. जखमांच्या दवाखान्यात मी डॉक्टर आहे; त्यांचा पाय माझ्याच हाताखाली होता. मेलेली कातडी काढायची, पट्टी बदलायची, साखर आवरायची आणि जखमेवर भार पडू नये म्हणून जाड तळाची खास चप्पल घालायची. जखम भरत होती, पण गोगलगाईच्या चालीनं. एवढी वाट पाहायला मामांना वेळ नव्हता. निवृत्त माणसाला कसली घाई असते, देव जाणे.

मग तीन आठवडे ते दवाखान्यात फिरकले नाहीत. फोन केला की "बरं आहे" एवढंच. मग एका सकाळी मामी त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. अंगात ताप, पाऊल सुजून लालबुंद, अंगठा काळा पडलेला. पट्टी सोडली तेव्हा खोलीभर वास सुटला.

"चप्पल कुठंय?" मी विचारलं.

"बुवांनी सांगितलं, अनवाणी चाला," मामी म्हणाल्या. "दुखत तर काही नव्हतं गं. हाच तर चमत्कार."

"मामी, त्यांच्या पायाच्या नसा साखरेनं बधिर झाल्यात. खिळा घुसला तरी दुखणार नाही. त्याला चमत्कार नाही, धोका म्हणतात."

मामींनी पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली. घरी रोज दोनदा ओतायला बुवांनी दिलेली. "उजेडात ठेवायची नाही म्हणाले. शक्ती जाते."

आमच्या ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरनं बाटली हातात घेतली. तिचं अर्धं आयुष्य जखमा धुण्यात गेलं आहे. "मावशी, त्या पिशवीत भाजी आहे ना? एक बटाटा द्या." तिनं बटाटा धुतला, मधोमध कापला आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. बटाटा फसफसला. पांढरा, दाट फेस बशीत ओघळला.

मामींनी बशी जवळ ओढून फेसाला बोट लावून पाहिलं.

"हायड्रोजन पेरॉक्साइड," सिस्टर म्हणाली. "औषधाच्या दुकानात मिळतं. रक्तात, मांसात, कच्च्या बटाट्यात एक पदार्थ असतो. त्याची गाठ पडली की याचं पाणी होतं आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. तोच हा फेस. न फुटलेल्या कातडीवर तो पदार्थ वर नसतो, म्हणून बुवांचा तळहात कोरडा पुण्यवान."

"मग तुम्ही का नाही वापरत?" मामींनी विचारलं.

"पूर्वी आम्हीही ओतायचो. मग तपासून पाहिलं तेव्हा कळलं, की जखमेत नव्यानं उगवणारं कोवळं मांसही यानं भाजतं. म्हणून रोज ओतणं सोडलं. आम्ही टाकलं ते यांनी उचललं, आणि वर मंत्र फुंकला."

त्याच दुपारी मामांचा अंगठा काढावा लागला. सडणं हाडापर्यंत पोचलं होतं. मामी बाहेरच्या बाकावर ताठ बसून होत्या, रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मला तिथं घेऊन चल."

त्या रीतसर रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर पायाऐवजी अर्धा बटाटा त्यांनी स्टुलावर ठेवला आणि आपल्या बाटलीतून धार धरली. फेस आला. मामांच्या जखमेवर यायचा तेवढाच.

"बुवा, यानं कुठलं पाप केलंय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बुवा गरजले, "अपमान आहे हा. भाजीवर शक्तीची परीक्षा घेतात?"

"बरं, भाजी नको. ही साखर तपासायची सुई. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काढा आणि त्यावर तुमचं पाणी घाला. फेस नाही आला, तर मी तुमच्या पाया पडेन."

बुवांनी हात पाठीमागे घेतले. शक्ती, वेळ, अधिकार असं पुष्कळ काही बोलले, पण हात काही पुढे आले नाहीत. मामी रांगेकडे वळल्या. "माझ्या नवऱ्याचा अंगठा काल कापला. तुमचं तुम्ही ठरवा."

निम्मी रांग मोडली. उरलेली निम्मी तिथंच राहिली. एकजण तर म्हणाला, बटाट्यालाही मागचा जन्म असतो. त्या माणसाच्या पायाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. बुवा आठवडाभरात दुकानाला कुलूप लावून गेले. दुसऱ्या गावात फेस काढत असतील.

मामांची जखम भरायला चार महिने लागले. या वेळी त्यांनी चप्पल सोडली नाही. अंगठा मात्र परत उगवत नाही.

पायाची जखम दोन आठवड्यांत भरण्याच्या वाटेला लागली नाही, तर दवाखान्यात या. मधुमेह असेल तर दोन दिवसही थांबू नका. आणि दवाखान्यातही गप्प बसू नका. हे काय लावताय, कशासाठी, त्यानं काय होतं, विचारा. उत्तर देणं हे आमचं काम आहे. जो माणूस विचारू देत नाही, त्याच्या स्टुलावर पाय ठेवू नका.